घोट्याएवढं पाणी आणि सातशे किलोची गाडी

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी चौकट ठरलेली असते. 'पुराच्या पाण्यात दुचाकीसह तरुण वाहून गेला.' गावाचं नाव बदलतं, ओढ्याचं नाव बदलतं, मजकूर तोच. मेसमध्ये पेपर वाचता वाचता कोणीतरी हमखास म्हणतं, "अरे, एवढं पाणी दिसत होतं तर गेलाच कशाला?"

मित्रांनो, या लेखाचा विषय हाच प्रश्न आहे. कारण जाणारा माणूस वेडा नसतो. त्याला पाणी दिसलेलं असतं. ते त्याला *कमी* दिसलेलं असतं. आणि 'कमी' म्हणजे किती, याचा त्याचा अंदाज चुकतो. हा अंदाज कसा आणि कुठे चुकतो ते आपल्याच अभ्यासक्रमातल्या दोन-तीन सूत्रांनी समजून घेता येतं. सूत्रं अकरावी-बारावीची आहेत, घाबरू नका!

दुष्काळी जिल्ह्यात पूर कसला?

माझं गाव दिंद्रुड. तालुका माजलगाव, जिल्हा बीड. बीड म्हटलं की लोकांना दुष्काळ, टँकर आणि ऊसतोड कामगार आठवतात, आणि ते खरंही आहे. वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. पण आमच्याकडे पाण्यात वाहून जाण्याचा धोका जास्त असायचं एक कारण हा दुष्काळच आहे, असं मला वाटतं.

कसं ते बघा. कोकणातल्या माणसाला नदी बारा महिने दिसते. तिचा स्वभाव त्याला माहीत असतो. आमच्याकडचा ओढा वर्षातले नऊ-दहा महिने कोरडा. त्यात पोरं क्रिकेट खेळतात, शेळ्या चरतात, ट्रॅक्टर आडवे जातात. ज्या जागी मे महिन्यात आपण धूळ उडवत गेलो, ती जागा सप्टेंबरच्या एका रात्रीत आपला जीव घेऊ शकते हे मनाला पटतच नाही. ओळखीच्या ओढ्याची भीती वाटत नाही, खरी गोम इथे आहे.

दुसरी गोष्ट भूगोलाची. जिल्ह्याच्या मधून बालाघाटचे डोंगर जातात आणि उत्तरेच्या हद्दीवरून गोदावरी. डोंगरावर पडलेलं पाणी ओढ्या-नाल्यांनी उतरत सिंदफणेला आणि गोदावरीला मिळतं. धारूरच्या डोंगरात संध्याकाळी ढगफुटीसारखा पाऊस झाला, तर खाली सपाटीवरच्या गावात आभाळ स्वच्छ असताना ओढ्याला लोंढा येतो. "पाऊस तर नाही, पाणी येणार कुठून?" हा प्रश्न आमच्याकडे धोक्याचा आहे. उत्तर एकच, डोंगरातून.

तिसरी गोष्ट वेळेची. आमचा मोठा पाऊस बऱ्याचदा परतीचा असतो, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. तोवर जमीन भिजलेली, तळी-धरणं भरलेली. २०२१ च्या सप्टेंबरअखेरीस मांजरा धरणाचे सगळे अठरा दरवाजे उघडावे लागले होते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर बीड, धाराशिव, सोलापूरकडे नद्यांनी हाहाकार केला. आणि नेमक्या याच दिवसांत गणपती, महालक्ष्म्या, दसरा असे सण असतात. म्हणजे होस्टेलची पोरं गावाकडे निघालेली असतात, आणि पोहोचायला रात्र झालेली असते.

गाडी तरंगते हो!

आता गणित. आर्किमिडीज सगळ्यांनी पाठ केलेला आहे. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं बल तिला वर ढकलतं. व्हायव्हाला हे सगळे धाडधाड सांगतात, ओढ्याच्या काठावर मात्र कुणालाच आठवत नाही.

मारुती ८०० घ्या. तिचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण गावाकडे ती अजून पळते आहे आणि गणिताला सोपी आहे. गाडीचं वजन साधारण ६५० किलो. ड्रायव्हर धरून ७२० समजू. लांबी सव्वातीन मीटरच्या थोडी वर, रुंदी १.४ मीटर. म्हणजे गाडीचा तळ, ढोबळमानाने, ४.६ चौरस मीटर. तळ रस्त्यापासून सुमारे १७ सेंटिमीटर वर.

पाणी तळाला टेकलं, की त्यापुढे चढणाऱ्या दर एका सेंटिमीटरला गाडी ४६ किलोने हलकी होते. (४.६ चौरस मीटर गुणिले एक सेंटिमीटर म्हणजे ४६ लिटर पाणी, म्हणजे ४६ किलो.) ७२० भागिले ४६, उत्तर आलं साडेपंधरा-सोळा. १७ अधिक १६ म्हणजे ३३ सेंटिमीटर. तेरा इंच पाण्यात ही गाडी पूर्ण तरंगते. तेरा इंच म्हणजे उभ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंतसुद्धा येत नाही!

इथे कोणी म्हणेल की गाडीत पाणी शिरतं, मग ती बुडणार, तरंगणार कशी? बरोबर आहे, शिरतं. पण दाराच्या रबरातून पाणी झिरपायला वेळ लागतो, आणि पूल ओलांडायला वीस-पंचवीस सेकंद. त्या वेळात गाडी होडीसारखीच वागते.

पण तरंगायच्या आधीच ती सरकते

खरा धोका ३३ सेंटिमीटरच्या आधीच सुरू होतो, कारण पाणी उभं नसतं, वाहत असतं. गाडीला रस्त्यावर धरून ठेवणारी गोष्ट एकच, टायर आणि रस्त्यामधलं घर्षण. घर्षण वजनावर अवलंबून. वजन पाण्याने उचलून घेतलं की घर्षणही गेलं. आणि त्याच वेळी बाजूने पाण्याचा रेटा वाढत असतो. एक कमी होतं, दुसरं वाढतं. दोघांची जिथे गाठ पडते तिथून गाडी तुमची राहत नाही.

आमच्याकडचे बरेचसे छोटे पूल म्हणजे फरशी पूल किंवा नळकांडी पूल. सिव्हिलवाल्यांना सांगायला नको, त्यावरून पाणी वाहायला लागलं की तो पूल म्हणजे एक 'ब्रॉड क्रेस्टेड वेअर' झाला. त्यावरचा वेग ढोबळमानाने गुरुत्वत्वरण गुणिले खोली याच्या वर्गमुळाइतका. २५ सेंटिमीटर खोलीला सेकंदाला साधारण १.६ मीटर, ३० सेंटिमीटरला १.७ मीटर. चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त. दिसायला काहीच नाही.

आता हिशोब करू. शेवाळलेल्या, चिखलाच्या फरशीवर घर्षणाचा गुणांक ०.३ धरला. तळ आणि चाकं मिळून पाण्याचा मारा बसणारी जागा धरली आणि रेट्याचं नेहमीचं सूत्र लावलं, त्यात वेगाचा वर्ग येतो. उत्तरं अशी:

पाणी २५ सेंटिमीटर: टायरची पकड सुमारे १०५ किलो, पाण्याचा रेटा सुमारे ५५ किलो. गाडी टिकते.

पाणी ३० सेंटिमीटर: टायरची पकड सुमारे ३७ किलो, पाण्याचा रेटा सुमारे ९५ किलो. गाडी गेली.

फरक किती? पाच सेंटिमीटर. तीन बोटं! पुढची गाडी पार झाली आणि मागची वाहून गेली, असं का होतं त्याचं उत्तर या दोन ओळींत आहे. "आत्ताच तर एक जीप गेली की!" असं काठावरचा माणूस सांगतो आणि तो खोटं बोलत नाही. पण ती जीप गेल्यावर पाच-दहा मिनिटांत पाणी तीन बोटं वर चढलेलं असतं, आणि गढूळ पाण्यात तीन बोटं कुणाला दिसतात?

"गाडीत माणसं जास्त बसवा, वजन वाढेल," हा एक सल्ला हमखास मिळतो. तोही तपासून पाहू. आणखी तीन माणसं, म्हणजे २०० किलो वाढवले, तर गाडी सरकण्याची मर्यादा तीन-एक सेंटिमीटरने पुढे जाते. तीन सेंटिमीटरसाठी तीन माणसांचा जीव पणाला लावायचा असा हा सौदा आहे.

हे कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्ष प्रयोगाचे आकडे याहून कडक आहेत. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये खऱ्या गाड्या प्रयोगशाळेतल्या पाण्यात उभ्या केल्या. एका टनाच्या टोयोटा यारिसला सेकंदाला एक मीटर वेगाचं फक्त १५ सेंटिमीटर पाणी हलवू शकलं, आणि ६० सेंटिमीटरला ती पूर्ण तरंगली. अडीच टनांची निसान पेट्रोल, म्हणजे दांडगी फोर व्हील ड्राइव्ह, ४५ सेंटिमीटरला डळमळीत झाली आणि ९५ ला तरंगली. म्हणजे 'आपली स्कॉर्पिओ आहे, काही होत नाही' हा युक्तिवादही संपला. मोठ्या गाडीची मर्यादा थोडी पुढे असते एवढंच. उलट मोठ्या गाडीवाल्याला धाडस जास्त, म्हणून तो खोल पाण्यात जातो.

ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि एसटी

आमच्याकडे ट्रॅक्टरवर लोकांचा फार विश्वास. तो उंच आहे, जड आहे, इंजिन वर आहे, हे सगळं खरं. पण मागे ट्रॉली असते. रिकामी ट्रॉली म्हणजे पत्र्याची होडीच. पाणी तिच्या तळाला लागलं की ती आधी उचलली जाते, आडवी फिरते आणि ट्रॅक्टरला मागून हिसका देते. शिवाय ट्रॅक्टरची मागची मोठी चाकं हवेने भरलेली असतात, तीही वर ढकलली जातात. आणि ट्रॉलीत बहुधा माल नसतो, माणसं असतात. कारखान्याच्या हंगामासाठी निघालेली ऊसतोड कामगारांची कुटुंबं, लग्नाचं वऱ्हाड, नाहीतर बाजारहून परतणाऱ्या बायका. त्यांना धरायला काही नसतं.

मोटारसायकलचं गणित वेगळं आहे. ती तरंगत नाही, ती पडते. गढूळ पाण्याखाली फरशीचा उखडलेला दगड किंवा खड्डा दिसत नाही. पुढचं चाक अडतं, पाय टेकवायला जावं तर पायालाच पाण्याचा रेटा. जोराचं सहा इंच पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं, असं अमेरिकेचं हवामान खातं सांगतं. आणि पडल्यावर माणूस काय करतो? गाडी सोडत नाही. साठ-सत्तर हजारांची वस्तू, हप्ते बाकी असतात, वडिलांनी बैल विकून घेतलेली असते. तो हँडल धरून ओढत राहतो आणि गाडी त्याला फरशीच्या कडेवरून खाली घेऊन जाते. 'दुचाकीसह वाहून गेला' या तीन शब्दांमध्ये ही सगळी गोष्ट आहे. आपल्या घरच्यांना एकदा विचारून बघा, त्यांना गाडी हवी आहे का तुम्ही. उत्तर माहीतच आहे, पण ते पाण्यात उभं राहून आठवत नाही, म्हणून आधीच ठरवून ठेवायचं.

एसटी तर केवढी मोठी, असं वाटतं. पण लांबी दहा-अकरा मीटर म्हणजे पाण्याच्या रेट्याला केवढी मोठी भिंत! २८ सप्टेंबर २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत असताना एसटीची बस पुलावर गेली, कडेला सरकली आणि प्रवाशांसह खाली गेली. त्यात जीव गेले. त्याच पावसात आमच्या मराठवाड्यातही हाहाकार होता. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये उदगीर-मुखेड भागात रात्रीच्या पुरात मोटार आणि रिक्षा वाहून गेल्या. तेव्हाही रस्ता रोजच्या रहदारीचाच होता.

पाण्याखाली रस्ता आहे का?

इथवर आपण धरून चाललो की पाण्याखाली पूल शाबूत आहे. तेही खरं असेलच असं नाही. नळकांड्यांत उसाचं पाचट, बाभळीच्या फांद्या, प्लास्टिक अडकतं. पाणी खालून जायचं बंद होतं आणि वरून जायला लागतं. वरून पडणारं पाणी खालच्या बाजूला माती खोदत जातं, तिथे डोह तयार होतो. म्हणजे गाडी कडेवरून घसरली तर ती गुडघाभर पाण्यात पडत नाही, दोन पुरुष खोल डोहात पडते. दोन्ही टोकांचा मातीचा भराव तर सगळ्यात आधी खचतो, आमची काळी माती काय टिकणार! मधली फरशी जागेवर आणि दोन्ही बाजूंचा रस्ता गायब असंही होतं. वरून मात्र सगळं सपाट, तपकिरी, एकसारखं दिसतं.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र महाडकरांना आठवत असेल. सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात कोसळला आणि अंधारात आलेल्या दोन एसटी बस आणि इतर वाहनं थेट नदीत गेली. ड्रायव्हर रोजच्या सवयीने चालवत होते. पूल तिथे असणार असं त्यांनी गृहीत धरलं होतं, आणि कुणीही तेच धरलं असतं. ज्या पाण्यात रस्ता दिसत नाही, तिथे आपण आठवणीवर गाडी चालवत असतो, एवढं लक्षात ठेवावं.

इंजिनाचं काय होतं?

मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडं. इंजिन हवा खेचतं. एअर फिल्टरच्या तोंडापर्यंत पाणी आलं, किंवा पुढच्या गाडीची लाट तिथवर उसळली, की हवेऐवजी पाणी सिलिंडरमध्ये जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. याला हायड्रोलॉक म्हणतात. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त, म्हणून नुकसानही जास्त. त्यामुळे गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. आणि साध्या विमा पॉलिसीत इंजिनात पाणी गेल्याचा खर्च बहुधा मिळत नाही, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेकही ओले असतात. हळू चालवत दोन-चारदा हलके ब्रेक दाबून ते वाळवून घ्यावेत, नाहीतर पूर पार करून पुढच्या वळणावर अपघात!

अडकलोच तर

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी काही माणसं रस्त्यावरच, स्वतःच्या बंद गाडीत, गुदमरून गेली. काचा विजेवरच्या, लॉक विजेवरचं, आणि वीज गेली.

दार उघडत नाही याचंही गणित सोपं आहे. बाहेर दाराच्या खालच्या कडेपासून अर्धा मीटर पाणी असेल आणि दार मीटरभर रुंद असेल, तर त्यावर सव्वाशे किलोच्या आसपास दाब येतो. आतून खांद्याने तो ढकलला जात नाही. म्हणून दाराशी झगडत बसू नका. क्रम असा: सीटबेल्ट काढा, वीज चालू आहे तोवर लगेच काच खाली करा, लहान मुलांना आधी बाहेर काढा, मग स्वतः खिडकीतून निघा. काच उतरत नसेल तर बाजूची काच कोपऱ्यावर टोकदार वस्तूने फोडा, सीटच्या हेडरेस्टच्या लोखंडी दांड्याही चालतात. पुढची काच फोडायच्या नादी लागू नका, ती दोन थरांची असते, फुटून मोकळी होत नाही. गाडी कुठे अडकून स्थिर असेल तर टपावर चढून थांबा आणि ११२ ला फोन लावा. मोबाईल आणि बॅग शोधत वेळ घालवू नका.

मग करायचं काय?

फरशी पूल ही काही कुणाची चूक नाही. भारतीय रस्ते काँग्रेसची अशा बुडणाऱ्या पुलांसाठी वेगळी मार्गदर्शिकाच आहे. कमी रहदारीच्या रस्त्यावर कमी खर्चात पूल बांधायचा, तर वर्षातून काही तास तो बंद राहणार हे गृहीत धरूनच त्याची रचना होते. म्हणजे डिझाईन करणाऱ्याने 'त्या वेळी थांबा' असं आधीच ठरवलेलं असतं. फक्त हे वाहनवाल्याला कोणी सांगितलेलं नसतं! ते सांगायचे उपाय फार महागही नाहीत. पुलाच्या दोन्ही टोकांना रंगवलेले पाणी मोजायचे खांब, कडेचे उंच दगड म्हणजे निदान रस्ता कुठे संपतो ते कळेल, आणि पाणी फरशीला लागताच अडवायची एक साखळी. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना एक प्रोजेक्ट सुचवतो: फ्लोट स्विच, रिले, बॅटरी, छोटं सोलर पॅनेल आणि लाल दिवा. पाणी वर आलं की दिवा लागला. फायनल इयरला दरवर्षी लाइन फॉलोअर रोबो करण्यापेक्षा हा एक दिवा एखाद्या ओढ्यावर लावला तर जास्त उपयोग होईल. डोंगराकडच्या गावातल्या एका माणसाने खालच्या गावाला व्हॉट्सअ‍ॅपवर 'वर जोराचा पाऊस' एवढं लिहिलं, तरी तो लोंढ्याच्या आधी पोहोचतो.

अमेरिकेत याविषयी दोन दशकांहून जास्त काळ एक मोहीम चालू आहे, तिचं सांगणं थोडक्यात एवढंच की मागे फिरा, बुडू नका. तिथेही पुरात बुडून मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक गाडीने पाण्यात शिरलेले असतात. म्हणजे हा अडाणीपणाचा प्रश्न नाही, श्रीमंत-गरिबाचाही नाही. घर पाच किलोमीटरवर आहे, आई जेवायची थांबली आहे, मागच्या सीटवरचा मित्र "चल रे, काही होत नाही" म्हणतो आहे, अशा वेळी गाडी वळवणं जड जातं, कुठल्याही देशात.

म्हणून नियम सोपा ठेवावा. फरशीचे दगड पाण्याखाली गेले आणि पाणी वाहतं आहे, की थांबायचं. किती खोल आहे याचा वादच घालायचा नाही. रात्र असेल तर मुळीच नाही. पुढची गाडी गेली का, हे बघायचं नाही. ओढ्याचं पाणी बहुधा जितक्या लवकर चढतं तितक्याच लवकर उतरतं. आमच्याकडचे बरेच ओढे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतात. तोवर अलीकडच्या गावात एखाद्या मारुतीच्या पारावर बसायचं, हॉटेलवाल्याकडे चहा प्यायचा. आमच्या भागात रात्री अडकलेल्या माणसाला 'इथेच टेका' म्हणणारं घर मिळत नाही असं सहसा होत नाही.

यंदा सुट्टीला निघताना घरी आधीच फोन करून सांगून ठेवा, "पाणी असलं तर मी अलीकडेच थांबेन, वाट बघू नका, जेवून घ्या." हे आधी बोललेलं असलं की काठावर उभं राहून माघारी वळायला लाज वाटत नाही.